मंदिरांतील ईस्टर आणि घरांतील ईस्टर

नाताळ म्हणजे काय, हें आमच्या हिंदु शेजाऱ्यांस सांगावें लागत नाहीं. ईस्टरविषयीं मात्र बहुधा सांगावें लागतें. वास्तविक आम्हां ख्रिस्ती लोकांचा मुख्य सण हाच होय. येशू वधस्तंभावर मरण पावला व तिसऱ्या दिवशीं उठला, या श्रद्धेवरच आमचा धर्म उभा आहे. हा सण दर वर्षीं निराळ्या तारखेस येतो, याचें पंचांग पाहणाऱ्या घरांस नवल वाटूं नये. ढोबळ मानानें, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर.

निरनिराळ्या पंथांनीं तो आपापल्या परीनें सजविला आहे. रोमन कॅथॉलिक मंदिरांत आदल्या रात्रीं सर्व दिवे मालवितात, बाहेर अग्नि प्रज्वलित करून त्यावर एक मोठी मेणबत्ती लावितात, आणि तिच्या ज्योतीवरून प्रत्येकाच्या हातांतील मेणबत्ती पेटत जाते. कित्येक शतकें हा विधि शनिवारीं सकाळींच उरकला जात असे. १९५१ सालीं बारावे पोप पायस यांनीं तो पुन्हां रात्रीं करण्यास अनुज्ञा दिली. तें योग्यच झालें; भर उन्हांत लावलेल्या ज्योतीचें मोल कोणास कळणार? प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील सूर्योदयाच्या उपासनेचें मूळ १७३२ सालचें सांगतात. त्या वर्षीं जर्मनींतील हेर्नहूट गांवीं मोरेव्हियन पंथाचे कांहीं तरुण पहांटे दफनभूमींत जमले व तेथें त्यांनीं स्तोत्रें गाइलीं. महाराष्ट्रांतही अनेक मंडळ्या ईस्टरच्या पहांटे उपासनेस जमतात.

घरांतील ईस्टरची तऱ्हा निराळी. ग्रीसमध्यें अंडीं तांबडीं रंगवून एकमेकांच्या अंड्यांवर आपटतात. पोलंडमध्यें पाव, मीठ व अंडीं टोपलींत भरून शनिवारीं आशीर्वादासाठीं मंदिरांत नेतात. बंद कवच फुटून आंतून जीव बाहेर येतो, म्हणून अंडें हें उघडलेल्या कबरेचें चिन्ह मानलें गेलें.

हें सारें मुलांच्या हौसेचें आहे, आणि तें असावें. परंतु ज्या घरांतून वर्षभरांत कोणी गेलें, त्या घरानें काय करावें? त्या वर्षीं सण नाहीं, ही आपल्याकडील रीत ख्रिस्ती घरांतूनही टिकून असलेली आम्हीं पाहिली आहे. तिच्यामागील माया आम्हांस समजते. तथापि शुभवर्तमानांतील कथा निराळेंच सांगते. योहानाच्या वृत्तांताप्रमाणें उठलेल्या येशूचें प्रथम दर्शन मग्दालीया मरीयेस झालें, आणि ती त्या वेळीं कबरेपाशीं रडत उभी होती. लूक सांगतो कीं, स्त्रियांनीं आणलेली ही वार्ता शिष्यांस प्रथम पोकळ बडबड वाटली. सणाची पहिली वार्ता अशा रीतीनें शोक करणारीच्या मुखानें जगांत आली.

म्हणून आमची ख्रिस्ती कुटुंबांस एवढीच सूचना आहे. ईस्टरच्या सकाळीं घरांतील विधवेस किंवा मूल गमावलेल्या आईस कोपऱ्यांत बसूं देऊं नये. गेलेल्या माणसाचें नांव मोकळेपणानें घ्यावें, आणि प्रार्थनेपूर्वीं दिवा तिच्याच हातून लावून घ्यावा.