कमरेला रिव्हॉल्व्हर? जरा दमानं!

कोल्हापुरात 'नाद' या शब्दाचं वजन वेगळंच. कुणाला बुलेटचा नाद, कुणाला कुस्तीचा, तर कुणाला चक्क कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा! पण सगळेच काही हौसेपोटी विचारत नाहीत. गुजरीतला सराफ, शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला, रात्री उशिरा कॅश घेऊन घरी निघणारा बिल्डर... यांच्या मनात प्रश्न एकच असतो, 'जवळ एखादं शस्त्र असावं का?' असावं असं वाटत असेल तर कोणतं, हा प्रश्न पुढचा. आधी कायदा.

लायसन्स म्हणजे हक्क नव्हे

आपल्याकडे शस्त्र कायदा आहे 1959 चा आणि नियम 2016 चे. कोल्हापुरात परवाना देतात जिल्हाधिकारी, म्हणजे पायऱ्या झिजवायच्या त्या नागाळा पार्कातल्या कलेक्टर ऑफिसच्या. वय किमान 21 हवं. पोलिसांचा रिपोर्ट, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, हे सगळं आलंच. आणि मुख्य म्हणजे कारण! 'मित्राकडे आहे' हे कारण होत नाही. जिवाला खरोखर धोका आहे, हे कागदावर पटवून द्यावं लागतं. अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, पण एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रंही तीनवरून दोनवर आली.

चॉइस किती? मोजकाच!

हॉलिवूडचे पिक्चर बघून नाइन एमएम मागायला जाल, तर विसरा. 9 एमएम, .45, .38 हे सगळे बोअर सामान्य नागरिकासाठी 'प्रतिबंधित'. परदेशी माल आयात करणंही 1980 च्या दशकापासून बंद. नेमबाज खेळाडूंची गोष्ट वेगळी. मग उरतं काय? मुख्यतः .32 आणि .22.

● आयओएफ .32 रिव्हॉल्व्हर : कानपूरचा जुना, भरवशाचा गडी. सहा गोळ्या, साधी यंत्रणा. पण अंगावर बाळगायला जरा जाडजूड.

● निर्भीक : 2014 मध्ये आलेली, महिलांसाठी म्हणून गाजलेली .32. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन फक्त 500 ग्रॅमच्या आसपास. आली तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात!

● निडर : इशापूरच्या फॅक्टरीची .22. वजन साधारण 250 ग्रॅम, पर्समध्ये सहज मावेल. पण गोळी छोटी, मार कमी.

● प्रबळ : 2023 मध्ये कानपूरहून आलेली .32. सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे गोळ्या भरणं सोपं.

● अशनी : .32 पिस्तूल. चपटं असल्यानं शर्टाखाली कमी दिसतं. पण मॅगझिन, स्लाइड, सेफ्टी कॅच हे सगळं हाताच्या सवयीचं हवं.

नवख्यानं काय घ्यावं? सरळ हिशेब आहे. रोज सराव होणार नसेल तर रिव्हॉल्व्हर बरं. घाईगडबडीत विसरण्यासारखं त्यात कमी. आणि हो, कोल्हापूरचा पाऊस लक्षात ठेवा. आपलं चामडं कितीही नामांकित असलं, तरी शस्त्र चामडी होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पोलादाला गंज चढतो. पुसा, तेल द्या, तिजोरीत ठेवा.

झाकलेलंच हवं

इथे गंमत आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत शस्त्र लपवून नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे उलट! 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी हॅन्डगन न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. हॉटेलात टेबलावर काढून ठेवणं, वरातीत मिरवणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण. आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणारा बार काढलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी. परवान्यावर हद्द लिहिलेली असते. ती महाराष्ट्रापुरती असेल, तर कागल ओलांडून निपाणीला जेवायला गेलात तरी कायदा मोडला! गोव्याच्या वीकेंडचंही तेच. शिवाय निवडणूक आली, की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश हातात पडू शकतो. म्हणजे ज्या काळात वातावरण तापलेलं, नेमकं त्याच काळात तुम्ही रिकाम्या हातानं.

खरा प्रश्न

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम 34 ते 44. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली, तर तो हक्क तिथंच संपतो. गरज होती का, हे तुम्ही ठरवता क्षणात. कोर्ट ठरवतं कित्येक वर्षांनी. चोराच्या हाती तुमचंच शस्त्र लागलं तर? घरातल्या पोरानं कपाट उघडलं तर? रागाच्या भरात तुमचाच हात कमरेकडे गेला तर?

हे शहर राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या जिल्ह्याचं. समोर स्थिर टार्गेट, हातात ओळखीचं शस्त्र, तरी एका नेमामागे वर्षानुवर्षांचा घाम. अंधाऱ्या गल्लीत, धडधडत्या छातीनं, वर्षातून एकदा तेल दिलेलं रिव्हॉल्व्हर काढणाऱ्याचं काय होणार?

तेव्हा आधी रोकड कमी करा, जायची वेळ आणि रस्ता बदलत राहा, सोबत माणूस ठेवा, सीसीटीव्ही बसवा, धमकी आली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. एवढं करूनही धोका उरत असेल, तर नागाळा पार्क गाठा; ती लेखी तक्रार तिथंही उपयोगी पडेल. आणि नुसताच नाद असेल, तर दुधाळीची शूटिंग रेंज आहेच की!