कातलेल्या पेनातील बिघाड: दोष मेकॅनिझमचा की मापाचा?

लेथवर कातलेल्या लाकडी बॉलपेनात रिफिल पुढेमागे सरकवण्याचे काम पितळी अंगाचे एक छोटे मेकॅनिझम करते. त्याच्या पोटात गोल जिन्यासारखी चढत जाणारी खाच असते आणि त्या खाचेत एक खुंटी अडकवलेली असते. पेनाचा वरचा भाग फिरवला की खुंटी खाचेतून सरकते, रिफिलला पुढे नेते. उलटे फिरवले की मागे आणते. ही युक्ती बॉलपेनापेक्षा जुनी आहे. सॅम्प्सन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी इंग्लंडमध्ये १८२२ साली शिसे पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट घेतले. जपानमध्ये तोकुजी हायाकावा यांनी १९१५ मध्ये फिरवायची धातूची पेन्सिल तयार केली; आजच्या शार्प कंपनीचे नाव त्या पेन्सिलीवरूनच आले. लास्लो बिरो यांच्या बॉलपेनाचे पेटंट १९३८ चे, म्हणजे बरेच नंतरचे.

हौशी कारागीर सहसा सुट्या भागांचे तयार किट आणतात. त्यांतले सर्वांत प्रचलित ‘स्लिमलाइन’. लाकडाच्या दोन तुकड्यांना ७ मिमीचे भोक पाडायचे, प्रत्येकात पितळी नळी चिकटवायची, लेथवर आकार द्यायचा आणि मग भाग दाबून बसवायचे: खालच्या नळीत एका बाजूने टोक, दुसऱ्या बाजूने मेकॅनिझम, वरच्या नळीत क्लिप आणि टोपी. रिफिल क्रॉस पद्धतीची, डोक्याशी आटे असलेली. ती वरून मेकॅनिझमच्या आरपार जाते आणि त्यातच आवळली जाते. वरचा अर्धा भाग मेकॅनिझमवर नुसत्या घट्टपणाने बसतो. रिफिलचे आटे सोडले तर साऱ्या पेनात स्क्रू नाही. म्हणूनच पेन बिघडले की शिव्या मेकॅनिझमला पडतात, पण दोष बहुधा मापात किंवा नळीच्या आतल्या भिंतीवर सापडतो.

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे टोक आत जात नाही, किंवा लिहिताना गरजेपेक्षा जास्त बाहेर येते. आधी रिफिल पुरती आवळली आहे का ते पाहावे. आटे अर्धे राहिले तर ती तितकीच खाली लोंबते, आणि एवढ्यासाठी पेन खोलणे व्यर्थ. आटे पूर्ण बसूनही टोक बाहेर राहत असेल, तर मेकॅनिझम प्रमाणाबाहेर आत दाबले गेले आहे. मेकॅनिझमवर एक कोरलेली रेघ असते आणि तिथपर्यंत दाबावे असे सूचनापत्रक सांगते. ही सूचना खरी ठरते ती नळीची मूळ लांबी कायम असेल तेव्हाच. लाकडाचे तोंड काटकोनात आणताना ट्रिमरने पितळही खाल्ले, नळी मिलिमीटरभर आखूड झाली, तर रेघ पाळूनही रिफिल तितकीच जास्त बाहेर येते. त्यामुळे रेघेपेक्षा टोकाच्या अणीपासून मेकॅनिझमच्या वरच्या कडेपर्यंतचे एकूण अंतर महत्त्वाचे. स्लिमलाइनमध्ये ते सुमारे ४ इंच असते. मेकॅनिझम एका दमात दाबू नये. थोडे कमी दाबावे, रिफिल आवळून फिरवून पाहावे, मग हळूहळू पुढे न्यावे. कमी दाबलेले पुढे ढकलता येते, जास्त दाबलेले परत काढणे कष्टाचे.

तरीही काढायची वेळ येतेच. रिफिल उलगडावी, वरचा अर्धा भाग ओढून वेगळा करावा. मेकॅनिझमच्या पोकळीतून जाईल अशी बारीक सळई वरून घालून टोक ठोकून बाहेर काढावे. मग खालच्या मोकळ्या तोंडातून जाड सळई घालून मेकॅनिझम वर ढकलावे. पक्कडीने चेपून ओढल्यास त्याचे अंग वाकडे होते आणि मग ते अडखळू लागते. मेकॅनिझम स्वस्त असते, हौसेने निवडलेले लाकूड मात्र पुन्हा तसेच मिळत नाही. ओढाताणीत काही गमवायचेच असेल तर मेकॅनिझम गमवावे.

दुसरी तक्रार: वरचा भाग गरगर फिरतो, रिफिल हलतच नाही. वरच्या नळीची पकड सैल आहे एवढाच याचा अर्थ. नळीच्या आत फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा अगदी पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच भाग जोडावेत. ओला गोंद लावून जोडण्याचा मोह महागात पडतो. गोंद मेकॅनिझममध्ये झिरपला तर ते कायमचे जाम होते. शिवाय रिफिल बदलायची तर वरचा भाग निघालाच पाहिजे. तो चिकटवला की पेन एका रिफिलीपुरते उरते.

दोन भागांत फट राहत असेल तर पहिला संशय वरच्या नळीवर घ्यावा. ती आखूड झाली असेल तर आत आलेल्या रिफिलीचे डोके टोपीच्या देठाला टेकते. मग फट तरी राहते किंवा रिफिल पुरती आत येत नाही. नळीची लांबी ठीक असेल तर आत वाळलेला गोंद असतो. तो जोर लावून पार करण्याच्या प्रयत्नात लाकूड टोकाशी उभे तडकते. रीमरने किंवा गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने नळी साफ केली की भाग सहज बसतो. नळी चिकटवण्याआधी तिचे तोंड बटाट्याच्या चकतीत दाबून बंद केले, तर गोंद आत शिरतच नाही.

फिरवताना खरखर होत असेल तर बहुधा लाकडाचा भुसा किंवा पॉलिशची पूड आत गेलेली असते. मेकॅनिझम सुटे करून ब्रशने झटकावे. तेल घालू नये, कारण ते भुसा धरून ठेवते आणि वरच्या नळीत उतरून पकड ढिली करते.

पार्कर पद्धतीच्या रिफिलीची पेने वेगळी वागतात. तिथे रिफिल आवळलेली नसते. मेकॅनिझम तिला फक्त ढकलते आणि मागे आणते ती टोकातली स्प्रिंग. टोक बाहेर येऊन परत जात नसेल, तर स्प्रिंग राहून गेली आहे का, हे आधी पाहावे.

हे सारे तपासून झाल्यावर मेकॅनिझम सुटे हातात घेऊन रिफिलसह फिरवावे. तिथेही अडखळले, मध्येच सुटले किंवा रिफिल बाहेर येऊन दाबाखाली मागे सरकली, तरच खाच किंवा खुंटी झिजली आहे असे समजावे. त्यावर दुरुस्ती नाही. त्याच मापाचे नवे मेकॅनिझम बसवावे आणि टोकापासूनचे अंतर पुन्हा मोजावे.