वेबसाइटच्या खिशात काय दडलंय?

ए, जरा जवळ ये. एक गुपित सांगायचंय!

वेबसाइट भयंकर विसराळू असते!

खरंच सांगतोय! तू एक पान उघडलंस, मग दुसरं उघडलंस. दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत पहिल्याचं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. इंटरनेटवर पानं मागायची आणि पाठवायची जी रीत ठरलेली आहे ना, तीच तशी आहे. मागितलं, दिलं, विसरलं! पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं, पुन्हा विसरलं!

मग मला एक सांग. तू काल भाषा ‘मराठी’ निवडलीस. आज तीच वेबसाइट आपोआप मराठीत उघडली. या विसराळूबाईला आठवलं कसं?

उत्तर सापडतं चपलांच्या स्टँडवर!

परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलं की आपण काय करतो? चपला काढतो, स्टँडवरच्या काकांकडे देतो. काका त्या एका खणात ठेवतात आणि तुला एक बिल्ला देतात. त्यावर नंबर, समज, 47. आता यात्रेच्या गर्दीत काकांना तुझा चेहरा आठवेल? छे! पण दर्शन करून आल्यावर बिल्ला दाखवलास की चपला हजर. काकांनी काहीच लक्षात ठेवलं नाही. सगळं लक्षात ठेवलं ते तुझ्या खिशातल्या बिल्ल्यानं!

वेबसाइट अगदी हेच करते. तू पहिल्यांदा आलीस किंवा आलास की ती तुझ्याच फोनमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून देते. पुढच्या वेळी फोन ती चिठ्ठी गुपचूप दाखवतो आणि वेबसाइट म्हणते, ‘अरे हो, 47 नंबर! यांना मराठी हवं!’ या चिठ्ठीचं नाव कुकी.

ही युक्ती 1994 साली लू माँटुली नावाच्या विशीतल्या तरुणानं काढली. तो अमेरिकेत नेटस्केप नावाच्या कंपनीत काम करायचा. तेव्हा इंटरनेटवर दुकानं नुकती कुठे सुरू होत होती. गिऱ्हाइकानं दोन वस्तू पिशवीत टाकल्या आणि पुढचं पान उघडलं, की पिशवी रिकामी! दुकानाला लोकांची अर्धवट खरेदी स्वतःच्या संगणकात साठवायची नव्हती. मग ठेवायची कुठे? माँटुली म्हणाला, गिऱ्हाइकाच्याच संगणकात! आहे की नाही डोकं?

इथपर्यंत सगळं छान. पण पुढे काय झालं, ओळख बघू!

वेबसाइटचं एक पान म्हणजे एकाच घरचा माल नसतो. लेख एकाचा, वरची जाहिरात दुसऱ्याची, मधला व्हिडिओ तिसऱ्याचा, खालचा नकाशा चौथ्याचा. तू पान उघडलंस की तुझा फोन या सगळ्यांचं दार वाजवतो. आणि त्यातला प्रत्येक जण तुझ्या खिशात आपला बिल्ला टाकू शकतो!

आता कल्पना कर. परळीला, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या देवळात आणि कपिलधारला, तिन्ही ठिकाणी चपलांचं स्टँड एकाच माणसाचं आहे. तिन्हीकडे तुझा 47 नंबरचाच बिल्ला चालतो. त्या माणसाला तुझं नाव माहीत नाही. पण त्याच्या वहीत काय लिहिलंय? ‘47 नंबर सकाळी परळीत. दुपारी अंबाजोगाईत. संध्याकाळी कपिलधारला. चप्पल जुनी झालीय.’ आणि कपिलधारला तू उतरल्या उतरल्या समोर नव्या चपलांची पाटी!

एका वेबसाइटवर सायकल बघितली की भलत्याच वेबसाइटवर सायकलचीच जाहिरात दिसते ना? ती जादू नसते. ती ही वही असते! सफारी आणि फायरफॉक्स हे ब्राउझर, म्हणजे वेबसाइट उघडून दाखवणारी अ‍ॅप, असे भटके बिल्ले आपणहून अडवतात, ते बरंच करतात.

जुन्या चपलेची नोंद झाली तर फार बिघडत नाही. पण काही माहिती भलत्याच्या कानावर पडली तर माणसाचं फार नुकसान होतं. ते समजून घ्यायला चल, पालीला जाऊ.

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत पाली लागतं. जवळच बिंदुसरा नदीवरचं धरण आहे. इथे एक वेगळंच घर आहे, ‘इन्फंट इंडिया’ नावाचं. दत्ता आणि संध्या बारगजे या जोडप्यानं ते उभं केलं. एचआयव्हीची बाधा झालेली मुलं इथे राहतात, शिकतात, खेळतात.

एचआयव्ही म्हणजे काय? एक विषाणू. आजारांशी लढणारी आपल्या शरीरातली फौज तो कमजोर करतो. पण रोज औषध घेतलं तर तो दबून राहतो आणि माणूस पुष्कळ वर्षं छान जगतो. बऱ्याच मुलांना तो जन्माच्या वेळीच आईकडून आलेला असतो. त्यात आईचाही दोष नाही आणि मुलाचाही नाही! आणि हे नीट ऐक. हात धरल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो पसरत नाही. अजिबात नाही!

तरी काही लोक उगाच घाबरतात. मग अशा मुलाला वर्गात वेगळं बसवतात, खेळायला घेत नाहीत. नुसतं एक वाक्य कुणाच्या तरी कानावर पडतं आणि मुलाचे मित्र तुटतात. बघ, इथे माहिती म्हणजे नुसती माहिती राहत नाही.

आता समज, पुण्याची एक ताई अशा एखाद्या संस्थेला वेबसाइटवरून देणगी देतेय. तिचं नाव, फोन नंबर, पत्ता घेतला जातो. करात सूट मिळणारी पावती हवी, म्हणून पॅन नंबरही.

हा पॅन नंबर भलता बडबड्या आहे बरं का! त्यात दहा चिन्हं असतात. चौथं अक्षर सांगतं की हे कार्ड कुणाचं. माणसाचं असेल तर ‘पी’, कंपनीचं असेल तर ‘सी’, ट्रस्टचं असेल तर ‘टी’. आणि पाचवं? माणसाच्या आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर! आई-बाबांना विचारून त्यांचं कार्ड बघ. फक्त बघायचं, नंबर कुणाला सांगायचा नाही!

आधारचा नंबर मात्र अगदी तोंड मिटून बसलेला. बारा आकडे, पण त्यातून ना गाव कळतं, ना वय, ना मुलगा की मुलगी. तो मुद्दामच तसा बनवलाय. मला विचारशील तर नंबर असावा तर असा!

ताई पैसे भरते कार्डानं. मग तिच्या कार्डाचा नंबर वेबसाइटनं साठवून ठेवायचा का? नाही! 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. भारतात दुकानांना आणि वेबसाइटना कार्डाचा खरा नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी काय साठवतात, माहितीये? एक टोकन! म्हणजे पुन्हा बिल्लाच की! चोरानं तो पळवला तरी दुसऱ्या दुकानात त्याचा काडीचाही उपयोग नाही. बघ, तोच बिल्ला. एकीकडे पाळत ठेवतो, दुसरीकडे राखण करतो!

हे झालं देणाऱ्या ताईचं. पण ज्या मुलांसाठी ती देतेय, त्यांच्या माहितीचं काय?

त्यासाठी तुला एक खरी गोष्ट सांगायला हवी. ती मला फार आवडते.

मुंबईत एक कामगार होता. काम करायला अगदी धडधाकट. पण रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि कंपनीनं त्याला काम द्यायचं नाकारलं. त्याला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागायची होती. पण अडचण बघ केवढी! खटला म्हटला की नाव आलं. नाव कागदावर येतं, पुकारलं जातं, निकालात छापलं जातं. म्हणजे न्याय मागायला जावं, तर सगळ्या गावाला आजार कळणार. न गेलं, तर कामही नाही आणि न्यायही नाही.

मग न्यायालयानं काय केलं असेल? ओळख!

त्याचं नावच लपवलं! कागदावर तो झाला ‘एमएक्स’. कंपनीचंही नाव लपवलं, ती झाली ‘झेडवाय’. 1997 साली निकाल लागला आणि एमएक्स जिंकला! माणूस काम करायला तंदुरुस्त असेल आणि त्याच्यामुळे इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. कायदा शिकणारी मुलं आजही हा निकाल वाचतात. पण एमएक्स कोण, हे त्या निकालात कुठ्ठेही लिहिलेलं नाही. दोन अक्षरांनी एका माणसाला केवढा आडोसा दिला!

पुढे 2017 साली संसदेनं एचआयव्हीबद्दलचा कायदाच केला. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. कुणाला एचआयव्ही आहे ही गोष्ट काही ठरावीक प्रसंग सोडले तर त्याच्या संमतीशिवाय सांगायची नाही, असं तो म्हणतो. ज्या संस्थांकडे अशा नोंदी असतात, त्यांनी त्या जपून ठेवायची व्यवस्था करायची. आणि खटल्यात टोपणनाव वापरता येईल, हेसुद्धा आता त्या कायद्यात आहे!

नावावरून आठवलं, फोटोही फार बोलतो हं! फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि फोनचा प्रकार लिहिलेला असतो. कॅमेऱ्याला ठिकाण नोंदवायची परवानगी दिलेली असेल, तर फोटो कुठे काढला तेही! चेहरा झाकला तरी फाइल गावाचा पत्ता सांगून मोकळी. म्हणून अशा घरांतल्या मुलांचा फोटो काढताना आणि पाठवताना दहादा विचार करायला हवा.

2017 साली आणखी एक मोठी गोष्ट घडली. कर्नाटकातले एक निवृत्त न्यायमूर्ती, के. एस. पुट्टस्वामी. वयाची ऐंशी ओलांडलेले आजोबाच म्हण ना! आधारच्या बाबतीत ते 2012 साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यातून एक मोठा प्रश्न निघाला. माझी खासगी गोष्ट माझीच राहावी, हा माझा मूलभूत हक्क आहे का?

हा प्रश्न सोडवायला एक नाही, दोन नाही, नऊ न्यायमूर्ती बसले! त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूड होते. 24 ऑगस्ट 2017 ला निकाल आला. नऊच्या नऊ जण म्हणाले, हो, आहे!

आणि गंमत ऐक! चंद्रचूडांनी त्या निकालात 1976 सालचा आणीबाणीतला एक जुना निकाल चुकीचा ठरवला. तो देणाऱ्या न्यायमूर्तींत कोण होते? यशवंतराव चंद्रचूड. त्यांचे स्वतःचे वडील! वडिलांचं चुकलं हे भर न्यायालयात लिहायला केवढं धैर्य लागत असेल!

या हक्काच्या पाठोपाठ 2023 साली आला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. नाव लांबलचक आहे, पण तुझ्या कामाचं खूप आहे त्यात. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि त्यातल्या बहुतेक नियमांच्या तयारीसाठी वेबसाइटना अठरा महिने दिले गेले.

या कायद्यात 18 वर्षांखालचं कुणीही मूलच! म्हणजे तू तर आहेसच, पण मिसरूड फुटलेला अकरावीतला दादासुद्धा! मुलांची माहिती घ्यायची तर आधी आई-बाबांची परवानगी, आणि ती खरी आहे ना याची खात्रीही करायची. मुलांच्या मागे मागे फिरून त्यांच्या आवडीनिवडींची वही भरायची नाही. ती वही बघून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत. शाळा, दवाखाने अशांना यात थोडी सूट आहे, कारण तुझी हजेरी किंवा तुझा ताप त्यांना लिहून ठेवावाच लागतो.

तुमची माहिती कशासाठी घेतोय, हे वेबसाइटनं सोप्या शब्दांत सांगायचं. तेही कुठल्या भाषेत? इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही. त्यात मराठी आहे! ‘मला हे मराठीत दाखवा’ असं म्हणायचा हक्क हा कायदा आपल्याला देतो. ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारता येतं. चुकलेलं दुरुस्त करून मागता येतं आणि नको असलेलं पुसायला सांगता येतं. तुझ्या वतीनं हे आई-बाबांनी विचारायचं, पण काय विचारायचं ते तू सांग त्यांना!

आणि मुलांबद्दलचे हे नियम कुणी मोडलेच तर? दंड होऊ शकतो 200 कोटी रुपयांपर्यंत!

घे वही आणि आकड्यात लिहून बघ. दोनावर किती शून्यं येतात?