चार नाण्यांत मिळून एक नाव

लातूरच्या सराफ लाईनीत जुना चांदीचा रुपया आला की त्याच्यावर काय लिहिलंय हे कुणी बघत नाही. आधी तो फरशीवर टाकून आवाज ऐकतात, मग काट्यावर ठेवतात. कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया असेल तर वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा, आणि टंच ९१.६७. हाली, म्हणजे निजामाचा असेल तर ११.१८ ग्रॅम आणि टंच ८१.८. १९४० पासूनच्या कलदारात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा तर निकेलचाच. तो गिऱ्हाइकाला परत. दोन मिनिटांत हिशेब होतो, पैसे दिले जातात आणि रुपया मोडीच्या डब्यात पडतो. संध्याकाळी मूस.

आमच्या तीन पिढ्या या धंद्यात गेल्या. मी असे कितीतरी रुपये आटवलेत आणि त्याबद्दल मला खंत नाही. दुकान चालवायचं तर चांदी आटणारच. पण मोडीचा डबा रिकामा करण्याआधी तो एकदा चाळायचा, ही सवय मला वडिलांनी लावली. त्यांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, म्हणजे उर्दू माध्यमातलं. पोथी मराठी वाचायचे आणि नाणं उर्दूत. त्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या पुष्कळ माणसांना हे जमायचं. ती माणसं गेली आणि घराघरांतली नाणी मुकी झाली.

आजोबांच्या कीर्दीत जागोजाग एक दर सापडतो: शंभर कलदारास एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. लहानपणी मला वाटायचं, हा काय अडनिडा आकडा, निजामाच्या कुणा कारकुनानं मनानं ठरवला असेल. पुढं काट्यावर बसल्यावर सहज गुणाकार करून पाहिला. कलदारात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, हालीत ९.१५. पहिलीला दुसरीनं भागा, १.१७ च्या जवळ येतं. कीर्दीतला दर सात हालीला सहा कलदार, म्हणजे तेवढाच. दोन सरकारांमधल्या व्यवहाराचा दर शेवटी सोनाराच्या टंचावरच उभा होता. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, तरी हाली पुढं काही वर्षं चालत राहिली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात तीन हिशेब एकदम चालू होते.

चारमिनारचा रुपया आमच्याकडं सगळ्यात जास्त येतो, म्हणून नवख्याला मी तोच हातात देतो. १९०३ च्या सुमारास सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात हा यंत्रावरचा रुपया सुरू झाला. मधोमध चारमिनार, भोवती निजाम-उल-मुल्क आसफ जाह बहादूर ही पदवी. निजामाचं स्वतःचं नाव शोधलं तर सापडत नाही. ते चारमिनारच्या कमानीत लपलंय, एकाच अक्षरात: महबूब यांचा मीम, उस्मान अली खान यांचा ऐन. १९११ साली उस्मान अली गादीवर आले, त्या सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन आखूड आहे, नंतरच्यांवर पूर्ण. भिंग लावल्याशिवाय फरक कळत नाही, आणि एकदा कळला की माणूस वाया गेला असं समजा. पुढच्या दिवाळीला तो मावशी-आत्यांकडचे लक्ष्मीपूजनाचे डबे उघडायला लावतो. रुपयावर ९२ हा आकडाही असतो. तो साल नव्हे. अक्षरांना आकडे द्यायच्या अबजद पद्धतीनं मुहम्मद या नावाची ती बेरीज. सालाचा आकडा हिजरी असतो. त्याला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे: १३४३ चा रुपया १९२४-२५ चा.

यंत्रावरचा रुपया शेवटी सोपाच. एकावर जे, तेच सगळ्यांवर. खरी गंमत त्याआधीच्या हातघडणीच्या नाण्यांत आहे.

त्या काळी टांकसाळीत खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, त्यावर धातूची चकती ठेवत, वरचा ठसा हातात धरून हातोड्याचा एक घाव. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे. मग मजकुराचा जो तुकडा चकतीवर पडला तो पडला, बाकीचा बाहेर हवेत. कारागिराला त्याचं काही वाटत नसे, वजन आणि कस बरोबर असला की झालं. आपल्या शिवराईचंच बघा. एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसरीवर छत्रपति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. राज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ साली सुरू झालेला हा तांब्याचा पैसा सातारकर आणि पेशवे यांच्या काळातही पडत राहिला. पण हातात येणाऱ्या बहुतेक शिवरायांवर सगळी अक्षरं काही नसतात. एकीवर श्री गायब, दुसरीवर नुसतं ‘त्रप’. शिवाय पुढच्या काळातल्या ठसे कोरणाऱ्यांचं लेखन आपापलं, कुणी शिव, कुणी सिव, कुणी सीव. पूर्ण मजकूर आणि त्याची वळणं बघायची असतील तर एकट्याच्या डब्यातल्या शिवराया पुरत नाहीत. शेजाऱ्याच्याही ओताव्या लागतात.

विदर्भातल्या तऱ्हाळा गावात, आज ते वाशीम जिल्ह्यात आहे, १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. दीड हजारांहून जास्त नाणी, पोटीनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं मिसळून केलेल्या हलक्या धातूची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि कडेनं ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जयिनी चिन्ह. एकेका नाण्यावर नावाची दोन-तीन अक्षरंच. वासुदेव विष्णू मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं पुढं आली, जी पुराणांतल्या वंशावळीत नाहीत. आता विचार करा, हीच नाणी दीड हजार घरांत एकेक करून वाटली गेली असती, तर प्रत्येक घरात एक हत्ती राहिला असता आणि राजा कुणालाच सापडला नसता.

म्हणून आम्ही भेटतो. लातूरचे आणि नांदेडचे मिळून आठ-दहा जण. अहमदपूर साधारण मधे पडतं, तिथंच कुणाच्या तरी दुकानाच्या माडीवर बसतो. ना संस्था ना वर्गणी. औशाचे एक निवृत्त गुरुजी फक्त तांबं जमवतात. नांदेडचे एक रेल्वेतले गृहस्थ भोकाच्या पैशावर अडलेत, १९४३ ते ४७ चा, आणि त्यांना त्यातच सुख आहे. कंधारकडचे एक शेतकरी काही जमवत नाहीत, नुसते बघायला येतात आणि सगळ्यात नेमके प्रश्न तेच विचारतात. वडिलांच्या माघारी मजकूर वाचायचं काम उर्दू शाळेतल्या एका मास्तरांकडं आलंय. माझ्या मोडीतलं एक झिजलेलं नाणं बघून ते एकदा म्हणाले, “सेठ, इसकू गलाव नक्को.” त्यावर बहादूरशहाचं नाव होतं. निजाम हैदराबादेत बसून दिल्लीच्या बादशहाच्या नावानं नाणी पाडत होते, ते थेट १८५७ पर्यंत. त्यानंतर बादशहा गेला आणि त्याच्या जागी आसफ जाह आलं. मी ते नाणं आटवलं नाही हे सांगायला नकोच.

डबल असतील ती नाणी बदलायची, हा आमचा मुख्य व्यवहार. पैशाचा विषय शक्यतो शेवटी, चहा झाल्यावर. नांदेडकरांना यात एक फायदा आहे, त्यांच्याकडं पंजाब चालत येतो. सचखंड हुजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूंत एखादा शौकीन निघतोच. तो नानकशाही रुपये आणतो आणि इथले चारमिनार घेऊन जातो. हा सौदा मला फार आवडतो, कारण त्या रुपयाचं नांदेडशी जुनं नातं आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला होते. इथंच बंदा बहादूर त्यांना भेटला आणि इथूनच पंजाबात गेला. तिथं त्यानं जी नाणी पाडली ती स्वतःच्या नावानं नाही, गुरूंच्या नावानं. पुढं रणजितसिंगांनीही तेच केलं. एवढ्या मोठ्या महाराजानं रुपयावर आपलं नाव घातलं नाही. फारसी मजकूर गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांचा, आणि खूण म्हणून एक पान. अमृतसरच्या बऱ्याच रुपयांवर विक्रम संवत १८८४ किंवा १८८५ कायमचं गोठवलेलं आहे आणि खरं साल दुसऱ्या बाजूला बारीक आकड्यांत. त्याच रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची इमारत बांधवली.

माझ्या वाट्याला येतात ते तांड्यांवरचे रुपये. किनवट, माहूर, मुखेड या बाजूच्या लमाण बायांच्या कांचळीवर, गळ्यात, वेणीत चांदीची नाणी असतात. लेकीच्या लग्नाला किंवा पेरणीला पैसे लागले की ती माझ्या काउंटरवर. प्रत्येकाला कडी डागलेली. संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतो, डाग लागला की भाव निम्म्याखाली. मला हे पटत नाही. सालानुसार डब्यात बंद राहिलेल्या रुपयापेक्षा बाईच्या अंगावर तीन पिढ्या वाजलेला रुपया जास्त जगला. पण बाजार माझं ऐकत नाही, आणि बदलाबदलीत मीही कडीवाला रुपया घेताना दोन गोष्टी जास्त मागतोच.

नव्या माणसाला आम्ही सांगतो ते थोडकं आहे. नाणं घासू नका. आम्ही सराफ रिठ्याच्या पाण्यानं चांदी चमकवतो, ती दागिन्याची रीत. नाण्याला चिंच, लिंबू, पितांबरी लागली की त्याच्या अंगावरचं वय निघून जातं आणि सोबत किंमतही. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांत ठेवू नका, काही वर्षांत नाण्याला हिरवट चिकटा येतो. ओतीव नकली नाणं ओळखायचं तर पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि कडेला साच्याची शिवण शोधा, आणि वजन करा. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी दुकानात येतं. खरा होन इतका दुर्मीळ आहे की मी आता काट्यालाही हात लावत नाही, आधी चहा मागवतो.

त्याहून वाईट म्हणजे रामदरबाराचा आणा. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसरीवर ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ती नंतर बनवलेली पदकं आहेत. पण तांदूळ ओढणारं नाणं म्हणून त्याच्यापायी लोकांनी जमिनी विकल्यात. जुन्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याचे लाखो देतो म्हणणाऱ्या जाहिराती त्याच जातीच्या. आधी ‘नोंदणी फी’ मागतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की असल्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि आपण कसली फी घेत नाही. तरी फोन येतात.

आणि कायदा. नांगराला लागलेलं घबाड आपलं नसतं. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळं अमेरिकेतल्या भाच्याला आठवण म्हणून शिवराई देऊ नका. पुरलेलं नाणं जागेवरून हललं की ते कुठं, कशासोबत, किती खोल होतं हे सगळं हरवतं. आमच्या जवळच तेर आहे, ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं तगर. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसानंतर शेतांत उघड्या पडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, सातवाहन नाण्यांसकट, आणि त्यांचा संग्रह आज गावातच सरकारी संग्रहालयात आहे. लातूरहून सकाळी निघालं तर जेवायला घरी परत येता येतं. तिथं कुठली वस्तू कुठल्या गावची हे विचारावं लागत नाही.

सध्या आमच्या माडीवर एका तांब्याच्या पैशाचा घोळ चालू आहे. उदगीरच्या भंगारातून किलोच्या भावानं आला. हातघडणीचा, निजामाच्या काळचा. एका बाजूला जुलूस हा शब्द आणि त्यामागं राज्यवर्षाचा आकडा स्पष्ट आहे, टांकसाळीचं नाव मात्र डाव्या कडेवर येता येता तुटलंय. औशाच्या गुरुजींच्या डब्यात त्याचा जोडीदार निघाला, त्यावर शेवटचं एक अक्षर जास्त. मास्तर म्हणतात ते दाल आहे, पण औरंगाबाद, हैदराबाद, दौलताबाद सगळ्यांचाच शेवट दालवर, त्यामुळं निकाल लागत नाही. देवणी, भालकी, निलंगा या पट्ट्यात कुणाच्या घरी जाड, ओबडधोबड, अर्धवट फारसी अक्षरांचे पैसे पडले असतील तर घासू नका. डावी कड उजेडात धरून एक फोटो काढा आणि जवळच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांना दाखवा. आम्हाला ‘आबाद’च्या आधीची अक्षरं हवी आहेत.