ओहिवाच्या खाडीतील मोजदाद

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ओहिवा खाडीत 2007 साली सुमारे 11 कोटी शिनाणे होते व 2019 पर्यंत ते जेमतेम 80 हजारांवर आले, ही संशोधकांची मोजदाद. परंतु पूर्वी ते नेमके कोठे विपुल होते, याचे दप्तर तेथील मूळनिवासी माओरी वृद्धांच्या स्मृतीत असल्याने, त्यांना विचारूनच तळाचे नकाशे सिद्ध झाले. परंपरेला केवळ शोभेचे निमंत्रण धाडणाऱ्या प्रकल्पांहून हा व्यवहार मला अधिक सचोटीचा वाटतो. अकरा भुजांचे तारामासे शिनाण्यांचा फडशा पाडीत होते, हेही पाहणीत निष्पन्न झाले. मग शिनाणे पुन्हा वाढावेत म्हणून ‘टी कोउका’ वृक्षाच्या पानांचे, पूर्वजांच्या रीतीने वळलेले दोर पाण्यात सोडले गेले. त्यांवर शिनाण्यांची पिले स्थिरावली, आणि असे दोर कुजले तरी प्लास्टिकाचा कचरा मागे उरत नाही.