एका आसनाच्या सोन्यात दोन आसनं: सोनार ते संत एलिजियस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर, थोडा आवरून.

एलिजियस साधारण ५८८ साली आजच्या फ्रान्समध्ये, लिमोज शहराजवळ जन्मला. तिथल्या टांकसाळीचा प्रमुख आबो याच्याकडे सोनारकाम शिकला. पुढे फ्रँक राजा क्लोथार दुसरा याला सोन्यारत्नांचं आसन हवं होतं. त्याने एलिजियसला सोनं मोजून दिलं. याने एक आसन पुढे ठेवलं, राजा खूश. मग दुसरं काढलं आणि म्हणाला, उरलेल्या सोन्याचं! इतर कारागीर कानशीने झिजलं, आगीत जळलं असं सांगून सोनं लांबवायचे. 'घट' हा शब्द आपल्याकडच्या सोनाराच्या दुकानातही ऐकलाय ना?

ही गोष्ट त्याचा मित्र ऑडोएन याने लिहिलेल्या चरित्रातली आहे. मित्राने लिहिलेलं, तेही नंतर कुणीतरी फेरफार केलेलं, म्हणून मी जरा सावधच असतो. पण नाणी खोटं बोलत नाहीत. त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर टांकसाळवाल्याचं नाव असायचं, म्हणजे शुद्धतेची हमीच. एलिजियसचं नाव असलेली नाणी आजही संग्रहालयांत आहेत.

आता मला सर्वात भिडलेला भाग. राजा डागोबेर्टच्या दरबारात याच्याकडे पैसा आला आणि तो त्याने गुलाम सोडवण्यात घातला. कधी वीस-तीस, कधी शंभर माणसं एकदम. त्यात सॅक्सन बरेच. पैसे संपले की कमरपट्टा, अंगरखासुद्धा द्यायचा. राजासमोर नाणं फेकण्याचा विधी करून त्यांना कायद्याने मोकळं करायचा. मग विचारायचा: घरी जाता, माझ्याकडे राहता, की मठात? स्वतःच्या सुटकेनंतर काय करायचं, हे त्या माणसालाच विचारणं मला फार मोठं वाटतं. अर्थात गुलामांचा बाजार त्याने बंद केला नाही, तो चालूच राहिला.

६४१ मध्ये तो नोयाँचा बिशप झाला, ऑडोएन त्याच दिवशी रुआँचा. ६६० साली १ डिसेंबरला तो गेला. राणी बाल्थिल्ड धावत आली. ती स्वतः एकेकाळी इंग्लंडहून आणलेली गुलाम! ख्रिस्ती गुलाम देशाबाहेर विकायला पुढे तिनेच बंदी घातली. तिला त्याचा देह शेलच्या मठात न्यायचा होता. चरित्र म्हणतं, तो जागचा हललाच नाही. शेवटी नोयाँतच पुरला.