अंडं, भोपळा आणि पहिलीचा वर्ग

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समधून मी पुन्हा तुमच्यासमोर आलोय. आजचा विषय सांगितला तेव्हा आमच्या हिने विचारलं, "आयुष्यभर फौजेत काढलंत, आता अंड्यांवर बोलणार?" बोलणार. घराजवळच्या एका छोट्या शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस पहिलीच्या वर्गावर जातो, आणि तिथे मी केलेली सगळ्यात मोठी चूक अंड्यांचीच होती.

काय झालं ते आधी सांगतो. मुलांना दशक शिकवायचा होता. फळ्यावर दहा काड्यांचे गठ्ठे काढून मी थकलो आणि मुलं माझ्याआधी थकली. एके दिवशी किराणा दुकानात अंड्यांचा ट्रे दिसला. पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी, एकूण ३०. म्हटलं, सापडलं! दुसऱ्या दिवशी तीस अंड्यांचा भरलेला ट्रे स्कूटरवर पायांत धरून शाळेत नेला. एकही फुटलं नाही, याचा मला केवढा अभिमान.

ट्रे टेबलावर ठेवताच एक मुलगी उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. रडली नाही, काही बोलली नाही. तिच्या घरात अंडं येत नाही, आणि जिथे अंडं आहे तिथे बसायचं नाही, एवढं तिला सहाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. जयपूरमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत आणि इतकी वर्षं इथे राहून मला ते सुचायला हवं होतं. मी तिला आत बोलावतोय तोवर मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "सरजी, गिनने के बाद मिलेगा क्या?"

मोजून झाल्यावर मिळेल का.

पाच मिनिटांत एकाच ट्रेने माझे दोन विद्यार्थी वर्गाबाहेर काढले. एक दाराशी उभी, आणि दुसऱ्याचं मन आकड्यांवरून पोटाकडे गेलेलं. दुसऱ्या दिवशी मुलीचे आजोबा शाळेत आले. फार सभ्यपणे बोलले, त्यामुळे जास्तच लागलं. अंडी मी परत घरी आणली होती, त्या आठवड्यात आमच्याकडे रोज अंडाकरी. घशाखाली उतरली नाही असं खोटं कशाला सांगू, उतरली. पण त्या मुलाचा प्रश्न अजून उतरलेला नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. राजस्थानात शाळेच्या दुपारच्या जेवणात अंडं नसतं. २०२२ मध्ये इथे सरकारी शाळांतल्या मुलांना पावडरचं दूध देण्याची योजना सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, जे खात नाहीत त्यांना केळं. मग जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा पैसा थांबवला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करा म्हणून सांगितलं. माझं मत विचाराल तर २०२३ चा निर्णय बरोबर होता. खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला केळं, दोघंही एकाच पंगतीत. पण जेवणाची पंगत वेगळी आणि गणिताचा तास वेगळा. भुकेल्या मुलापुढे खाण्याची वस्तू मोजायला ठेवणं हे शिक्षण नव्हे. हे मला कळायला ट्रेभर अंडी लागली.

तर पुढच्या आठवड्यात मी फक्त रिकामा ट्रे नेला. व्हिडिओत तो कापून दाखवला होता. पुस्तकात ते दिसणार नाही, म्हणून शब्दांत सांगतो. कोरा ट्रे घ्या. वापरलेला नको, कारण कागदाचा लगदा धुता येत नाही आणि अंड्याच्या कवचावरची घाण त्याला लागलेली असते. कात्रीने दोन-दोन ओळींचे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात दहा खळगे: वर पाच, खाली पाच. झाली दशकाची पेटी. आता रिठे, चिंचोके, गोट्या, काय हाताशी असेल ते एकेका खळग्यात एक टाकायचं. सात टाकले की मुलाला सातही दिसतात आणि रिकामे तीनही दिसतात. "दहाला किती कमी?" हा प्रश्न विचारावाच लागत नाही. वरची ओळ भरली की पाच, हे चार दिवसांत डोळ्यांत बसतं आणि बोट लावून मोजणं आपोआप सुटतं.

मग मी न कापलेला अख्खा ट्रे काढला. तीसही खळगे भरले आणि एक रिठा उचलला. किती राहिले? एकोणतीस. मंडळी, हा शब्द आपण जन्मभर वापरतो, पण तो मला त्या दिवशी दिसला: तिसाला एक ऊन, म्हणजे एक कमी. हिंदीतलं उनतीसही त्याच घरातलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. माझं म्हणणं एवढंच, की एक रिकामा खळगा मुलाला दाखवलात तर एकोणतीसची भीती वाटत नाही. सत्तावीस-अठ्ठावीसचा घोळ मात्र ट्रेनेही सुटत नाही. तिथे घोकंपट्टी आहेच.

सगळे खळगे रिकामे केले आणि विचारलं, आता किती? पोरं एका सुरात ओरडली, "अंडा!" मला वाटलं चेष्टा चाललीय. मग लक्षात आलं, आपल्याकडे परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळतो, इकडे अंडं मिळतं. म्हणजे ज्या ट्रेत एकही अंडं नाही त्यात त्यांच्या भाषेत अंडं होतं. त्या दिवशी शून्य शिकवायला मला फळ्याकडे वळावं लागलं नाही.

फौजेत शिकवायची एक ठरलेली पद्धत असते. आधी समजावून सांगा, मग करून दाखवा, मग करून घ्या, मग सराव. पहिलीत हा क्रम उलटा धरावा, असं माझं मत बनलंय. आधी हातात द्या, समजावणं शेवटी, आणि तेही मुलांनी विचारलं तर. अर्थात फौजेतही हल्ल्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाळूत डोंगर-नाले रचून, त्याच्याभोवती उभं राहूनच लढाई समजून घ्यायचो. मोठ्यांचा तो खेळच की.

आणि यात नवं काही नाही. २०२१ मध्ये पहिलीसाठी 'विद्या प्रवेश' आला, २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आला, दोन्हींचा गाभा खेळातून शिकणं. पण ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते वाढवलं, तेव्हाच त्यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले होते. मी रिठे वापरतो, म्हणजे त्यांचीच उधारी.

तिसरा खेळ मातीचा. कुंभाराकडून चिकणमाती आणली. प्रत्येकाने एक चेंडू करायचा आणि एक अंडं. चेंडू सोपा, अंडं अवघड, कारण त्याची दोन टोकं सारखी नसतात. मग दोन्ही फरशीवर सोडायचे. चेंडू सरळ भिंतीपर्यंत जातो, अंडं वळसा घेतं आणि जवळच थांबतं. असं का, हे मी सांगितलं नाही. एकीने दोन्ही टोकं शेजारी धरून पाहिली आणि म्हणाली, एक चाक मोठं आहे, एक छोटं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ही तीच, दाराशी उभी राहिलेली.

पण एक कबूल करतो. मातीच्या अंड्यातून पिल्लू येत नाही. खरं अंडं काय असतं, हे मातीने शिकवता येत नाही. ज्यांच्या घरी अंडं चालतं त्यांनी नातवंडांबरोबर जरूर करून पाहावं. कच्चं आणि उकडलेलं अंडं टेबलावर फिरवा: उकडलेलं भिंगरीसारखं फिरतं, कच्चं डगमगतं. बोट लावून क्षणभर थांबवा आणि सोडा: कच्चं पुन्हा थोडं फिरतं, कारण आतला बलक थांबलेला नसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अंडं दोन दिवस बुडवून ठेवा: कवच चुनखडीच्या जातीचं असल्याने बुडबुडे येत विरघळतं आणि नुसत्या पातळ पडद्यातलं अंडं उरतं. ते खायचं नाही. कच्च्या अंड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हा नियम आजोबांनाही लागू.

वर्गासाठी मात्र खरं अंडं मला एप्रिलमध्ये मिळालं, तेही न मागता. शाळेमागच्या खडकाळ रिकाम्या जागेत टिटवीने अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांमध्येच चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची. टोकं आत वळवलेली. आपल्याकडे आणि राजस्थानातही टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात: उंचावर घातली तर पाऊस चांगला. मी मुलांना ती गोष्ट सांगितली आणि अंदाज पावसाळ्यात तपासायचा ठेवला. नियम दोन: वीस पावलांच्या आत जायचं नाही आणि हात लावायचा नाही. पावलं मोजण्यात वीसची उजळणी झाली ती वेगळीच.

जवळपास चार आठवडे लागतात, म्हणून आम्ही २८ खडे एका डब्यात भरले. रोज एक काढायचा. कोंबडीला २१ दिवस पुरतात, हे कळल्यावर टिटवीला सात दिवस जास्त का, यावर बरीच चर्चा झाली. मी त्यात पडलो नाही. जी मुलगी अंड्यांपासून उठून गेली होती ती रोज सर्वांत पुढे, विसाव्या पावलावर टाचा वर करून. "मिलेगा क्या" विचारणारा तिच्या शेजारी. त्याच्या आईशी मी बोललो. आता जाण्याच्या दिवशी मी वर्गातल्या सगळ्यांसाठी केळी नेतो, तास संपल्यावर. प्रश्न त्याने सुटला असं म्हणत नाही.

डब्यात तीन खडे उरले असताना एका सकाळी अंडी दिसेनात. फक्त खडे. कोणी म्हणालं मांजराने खाल्ली, कोणी म्हणालं कावळ्याने. टिटवीचं पिल्लू अंड्यातून आलं की काही तासांतच चालू लागतं हे मला माहीत होतं, पण मांजरही मला माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिलो. तेवढ्यात दोन्ही टिटव्या आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडायला लागल्या. ती मुलगी म्हणाली, "चिल्ला रही है, मतलब बच्चे यहीं हैं," आणि सगळा वर्ग न सांगता एक पाऊल मागे सरकला.